देताना मान राखावा

(नाताळच्या आधी शिरूर आणि दौंड तालुक्यांतील प्रौढ साक्षरता वर्गांपुढे केलेले भाषण)



  

दिवसभर रानात राबून तुम्ही रात्री वर्गाला येता. थंडी पडली आहे. घोडनदीच्या काठाला आणि भीमेच्या काठाला तर ती जास्तच झोंबते. म्हणून आम्ही फार वेळ घेणार नाही. पण एक गोष्ट मनात आहे, ती बोलल्याशिवाय राहवत नाही.

नाताळ जवळ आला. ख्रिस्ती घरांत करंज्या, चकल्या, अनारसे सुरू झाले असतील. मुलांना नवे कपडे येतील. देवळाला पताका लागतील. चांगले आहे. सणाला सण म्हटलेच पाहिजे. पण नाताळला आणखी एक रीत आहे. त्या दिवशी गरजवंताला काही तरी द्यायचे. कुणी कपडा देतो, कुणी धान्य देतो, कुणी फराळाचे ताट देतो.

हे द्यायचे कसे, त्यावर आज बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, देण्यात काय शिकायचे? हात पुढे केला की झाले. आम्हालाही तसेच वाटत होते. पण आम्ही एकदा चुकलो. ती चूक आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. त्याआधी थोडे मागे जाऊ.

गोठ्यातले बाळ

नाताळ म्हणजे प्रभू येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस. त्याच्या जन्माची गोष्ट शुभवर्तमानात लिहिली आहे. ज्यांना ती ठाऊक नाही, त्यांच्यासाठी आम्ही आपल्या शब्दांत सांगतो.

त्या काळी त्या मुलखावर रोमच्या बादशहाचे राज्य होते. बादशहाने हुकूम काढला की सगळ्यांची शिरगणती करा. ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जाऊन नाव लिहवायचे. योसेफ नावाचा एक सुतार होता. तो मरीयेला घेऊन बेथलेहेम गावी निघाला. मरीयेचे दिवस भरत आले होते. गावात पोचले, तर उतरायला जागा नाही. शेवटी जनावरांच्या ठिकाणी निवारा मिळाला. तिथेच ती बाळंत झाली. बाळाला फडक्यात गुंडाळले आणि गव्हाणीत ठेवले.

ही बातमी पहिल्यांदा कुणाला कळली? राजाला नाही. सावकाराला नाही. रात्री रानात मेंढरे राखणाऱ्यांना कळली. आपल्याकडे धनगर रानात मेंढरे बसवायला येतात. वाघर लावतात आणि रात्रभर जागतात. तसलीच ती माणसे होती. ती धावत बाळाला बघायला गेली.

आता या गोष्टीतली माणसे मनात आणा. परगावी आलेले नवराबायको. बाई अवघडलेली. डोक्यावर छप्पर नाही. असली माणसे आपण कुठे बघितली आहेत का?

बघितली आहेत. दिवाळीच्या सुमाराला ती आपल्या गावात येतात. ऊस तोडायला येतात. बीडकडून येतात, पाथर्डी-शेवगावकडून येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला नवराबायको दोघे राबतात. त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. गावाच्या कडेला पाचटाची नाही तर ताडपत्रीची कोपी घालतात. पहाटे अंधारात फडावर जातात. बाई पोटुशी असली तरी मोळी डोक्यावर घेते. लेकरू बांधावर झोपलेले असते.

नाताळ ऐन गळिताच्या हंगामात येतो. म्हणजे दर नाताळला बेथलेहेमचा तो गोठा आपल्या गावाच्या कडेलाच असतो. फक्त आपण तिकडे जात नाही.

प्रीती म्हणजे काय

ख्रिस्ती मंडळी 'प्रीती' हा शब्द फार वापरतात. देवाची प्रीती, शेजाऱ्यावर प्रीती. ही प्रीती म्हणजे नुसती माया नव्हे. आपल्या लेकराची माया सगळ्यांनाच असते. गाईलाही वासराची असते. मग ही प्रीती कोणती?

येशूला एकाने विचारले की माझा शेजारी कोण? येशूने त्याला एक गोष्ट सांगितली. एक माणूस वाटेने चालला होता. चोरांनी त्याला लुटले, मारले आणि अर्धमेला करून टाकले. त्याच्याच धर्माचे दोन मोठे लोक तिथून गेले. दोघांनी बघितले आणि रस्त्याच्या पलीकडून निघून गेले. मग एक शोमरोनी माणूस आला. त्या मुलखातले लोक शोमरोन्यांना हलके मानत. त्यांच्याशी संबंध ठेवत नसत. पण तोच थांबला. त्याने जखमा बांधल्या. माणसाला आपल्या जनावरावर बसवले आणि धर्मशाळेत नेले. रात्रभर त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी धर्मशाळेवाल्याला पैसे दिले. वर सांगितले की आणखी खर्च झाला, तर परत येताना देईन.

यात दोन गोष्टी ध्यानात धरा. पहिली गोष्ट, त्याने जात विचारली नाही. दुसरी गोष्ट, त्याने काम अर्धे सोडले नाही. चार पैसे अंगावर फेकून तो पुढे गेला नाही. माणूस बरा होईपर्यंतची सोय त्याने केली.

ही ती प्रीती. आणि ही एकट्या ख्रिस्ती लोकांची मिरास नाही. इंद्रायणीकाठच्या तुकोबांनी दुष्काळानंतर घरची कर्जखते नदीत सोडली, असे सांगतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. ही तीच वाट आहे. गाव वेगळे, वाट एकच.

केडगावची बाई

आता आपल्याच मातीतली एक गोष्ट सांगतो. दौंड तालुक्यात केडगाव आहे. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी तिथे थांबते. तिथे 'मुक्ती मिशन' आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी ते बघितले असेल. ते कुणी काढले? पंडिता रमाबाईंनी.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. मोठे विद्वान. त्या काळी बायकांनी शिकणे पाप समजत. पण या शास्त्रीबुवांनी बायकोला संस्कृत शिकवले. मुलीही शिकल्या. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडे. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे सगळे संपले. अन्न मिळेना. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण गेली. राहिले कोण? रमाबाई आणि त्यांचा भाऊ.

ही दोन भावंडे पायी हिंदुस्थानभर हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने त्यांचे फार हाल झाले. अंगावर पांघरूण नाही. मग त्यांनी काय केले? नदीच्या काठी वाळूत दोन खड्डे खणले. त्यात आडवी झाली. अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. फक्त डोके बाहेर. अशी त्यांनी थंडीची रात्र काढली. रमाबाईंनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे.

दादांनो, ज्याने अशी रात्र काढली आहे, त्याला घोंगडीची किंमत सांगावी लागत नाही.

पुढे भाऊही वारला. रमाबाईंचे लग्न झाले. दोन वर्षांत नवरा वारला. पदरात एक लहान मुलगी, मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी एक घर बघितले. ज्या बायांना समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकले होते, त्यांना त्या घरात ठेवून घेत. ख्रिस्ती भगिनी त्यांची सेवा करत. त्यांना मायेने वागवत. रमाबाईंना नवल वाटले. आपल्याकडे अशा बाईच्या सावलीलाही कुणी उभे राहत नाही. मग या का करतात? त्या भगिनींनी येशूची गोष्ट सांगितली. एका शोमरोनी बाईशी तो विहिरीवर कसा बोलला, ते सांगितले. रमाबाईंच्या मनात ते घर करून बसले. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हिंदुस्थानात परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' काढले. बालविधवांसाठी शाळा आणि घर. पुढल्याच वर्षी ते पुण्यात आणले.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे किड्यामुंगीसारखी मरू लागली. रमाबाईंना आपले आईबाप आठवले. त्या घरी बसू शकल्या नाहीत. त्या स्वतः तिकडे गेल्या. रस्त्यावर पडलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या मुली आणि विधवा गोळा करून आणल्या. पण पुण्यात तेव्हा प्लेगची साथ. एवढी माणसे शहरात ठेवता येईनात. केडगावला रमाबाईंनी शेतजमीन घेऊन ठेवली होती. फळबाग करायची होती. त्या रानात मुलींना नेले. आधी तंबू आणि झोपड्या. मग विहिरी खणल्या. मग पक्की घरे झाली. त्या जागेला नाव दिले 'मुक्ती'.

१९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला. तिकडूनही मुली आल्या. तेव्हा मुक्तीत दीड हजारांवर माणसे जेवत होती. विचार करा. आपल्या घरी दहा पाहुणे आले तर आपली धांदल उडते.

फुकट खाऊ घातले नाही

आता नीट ऐका. रमाबाईंनी या मुलींना नुसते खाऊ घातले का? नाही. आधी खाऊ घातले, औषधपाणी केले. अंगात बळ आले, तसे कामाला लावले. कुणी शेती शिकली. कुणी माग शिकली. कुणी तेलाच्या घाण्यावर गेली. कुणी गाईम्हशींचे बघू लागली. मुक्तीत छापखाना होता. तो बायाच चालवत. आंधळ्या मुलींसाठी उठावाची अक्षरे शिकवायची सोय मनोरमाबाईंनी केली. आंधळी मुलगी बोटांनी वाचू लागली.

आणि जी मुलगी काल उचलून आणली होती, ती आज नव्या आलेल्या मुलीला भरवू लागली. घेणारी होती, ती देणारी झाली.

रमाबाईंनी आणखी एक काम केले. सगळे पवित्रशास्त्र त्यांनी सोप्या मराठीत आणायला घेतले. मूळ भाषा कळाव्यात म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कशासाठी? खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला आपल्याच बोलीत वाचता यावे म्हणून. म्हणजे तुमच्यासारख्यांसाठीच. हे काम त्यांनी मरायच्या थोडे आधी पुरे केले. ५ एप्रिल १९२२ ला त्या केडगावलाच वारल्या. त्याच्या आदल्या वर्षी मनोरमाबाई गेल्या होत्या. पोटची एकुलती एक मुलगी गेली, तरी आईने हातातले काम सोडले नाही.

शिरूरचेही थोडे सांगतो. तिथे अमेरिकन मराठी मिशनचे काम होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या शाळेत हातची कामे शिकवत. घायपातीचा वाख काढायचे शिकवत. या कामात रिचर्ड विन्सर या मिशनऱ्याचे नाव घेतात. घायपात कुठे उगवते? बांधावर, माळावर, जिथे दुसरे काही उगवत नाही तिथे. ज्याला कुणी विचारत नाही, त्यातून भाकरी कशी काढायची, ते शिकवले. एक वेळची भाकरी दिली, तर ती एक वेळ पुरते. हातात कसब दिले, तर ते जन्मभर पुरते.

एक अवघड गोष्ट

इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. झाकून ठेवली तर ती कुजते.

लोक म्हणतात, हे ख्रिस्ती देतात ते आपल्या धर्मात ओढायला देतात. ही शंका आजची नाही. १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदा सदनावरून पुण्यात मोठे वादळ झाले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, म्हणून बोभाटा झाला. कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. मोठमोठे हितचिंतक दूर झाले. रमाबाई म्हणत, मी माझी प्रार्थना दार लावून करणार नाही, ज्याला यायचे त्याने यावे. पालक म्हणत, आमच्या मुली लहान आहेत. दोन्ही बाजूंना पोटतिडीक होती.

तो वाद आज आम्ही इथे उकरून काढत नाही. पण आपल्यापुरते एक ठरवू. गरजवंताला देताना मनात अट नको. 'तू आमच्या देवळात ये, मग देतो' असे म्हटले, तर ते दान राहिले नाही. तो सौदा झाला. 'तू आमच्या पार्टीला मत दे' म्हटले, तरी तो सौदाच. 'तू आमच्या जातीचा आहेस, म्हणून देतो' म्हटले, तर ती भाऊबंदकी झाली. शोमरोनी माणसाने जखमी माणसाला काय विचारले? काही विचारले नाही. आधी जखम बांधली.

आपल्या मुलखात अशी मोकळी मने होती. शिरूरला कर्नल वॉलेस नावाच्या एका इंग्रज अंमलदाराची कबर आहे. तो १८०९ मध्ये वारला. जुन्या गॅझेटिअरात लिहिले आहे की आसपासचे गावकरी त्याला सत्पुरुष मानत. सुगी झाली की पहिले धान्य त्याच्या कबरीवर वाहत. माणूस परधर्माचा, परमुलखाचा. पण लोकांनी ते मनात आणले नाही.

आमची चूक

आता आमची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी याच दोन तालुक्यांतल्या एका गावी आम्ही नाताळला ब्लँकेटे वाटली. आम्हाला मोठा उत्साह. घरोघर हिंडून गरिबांची यादी केली. चावडीपुढे मांडव घातला. भोंगा लावला. पुढाऱ्यांना खुर्च्या टाकल्या. भोंग्यावर एकेकाचे नाव पुकारायचे. त्याने पुढे यायचे, ब्लँकेट घ्यायचे आणि हात जोडून उभे राहायचे. मग फोटो काढायचा. मग दुसरे नाव.

एका म्हाताऱ्या आजीचे नाव तीनदा पुकारले. आजी आली नाही. कार्यक्रम संपला. एक ब्लँकेट उरले. संध्याकाळी आम्ही ते घेऊन तिच्या घरी गेलो. आजी चुलीजवळ बसली होती. अंगावर दोन पोती पांघरली होती.

आम्ही म्हटले, "आजी, तुम्ही आला नाहीत?"

आजी म्हणाली, "बाबांनो, तुमचं मन मोठं हाय. पर भोंग्यावर माझं नाव घेतलंसा. साऱ्या गावानं ऐकलं. माझ्या लेकीची सासरची माणसं याच गावात हायती. थंडी सोसंल मला. ते सोसंना."

आमच्याने बोलवेना. येशूने शिकवले आहे की दान करताना पुढे कर्णा वाजवू नका. ते आम्ही कितीदा तरी वाचले होते, दुसऱ्यांना शिकवले होते. आणि आम्ही तर खरोखरीचा कर्णाच वाजवला होता.

आम्ही आजीची क्षमा मागितली. ब्लँकेट ठेवू का म्हणून विचारले. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग उठली. गाडग्यातून ओंजळभर हुलगे काढले आणि म्हणाली, "ठेवा. पर हे बी घेऊन जा. रिकाम्या हातानं माझ्या घरातनं जायचं न्हाई."

आम्ही ते हुलगे घेतले. नको म्हटले असते, तर दुसरी चूक झाली असती. तिने घेतले आणि तिने दिलेही. मग ती भिकारी राहिली नाही आणि आम्ही धनी राहिलो नाही. दोन शेजारी राहिलो.

त्या वर्षापासून आम्ही मांडव घालत नाही. भोंगा लावत नाही. देण्याचा फोटो काढत नाही.

नाताळबाबाची गोष्ट मुलांना ठाऊक असते. लाल डगला, पांढरी दाढी. हा नाताळबाबा कुणावरून आला? फार पूर्वी आताच्या तुर्कस्तानात मायरा नावाच्या गावी निकोलस नावाचा धर्माध्यक्ष होता. त्याची गोष्ट अशी सांगतात. एका गरीब बापाला तीन मुली होत्या. लग्नाला पैसा नाही. मुलींचे वाटोळे व्हायची वेळ आली. निकोलसने रात्रीच्या अंधारात त्यांच्या खिडकीतून पैशांची थैली आत टाकली. एकदा नाही, तीनदा. कुणाला कळू दिले नाही. म्हणजे मूळचा नाताळबाबा गुपचूप देणारा होता. बाजारात घंटा वाजवत फिरणारा नव्हता.

मग करायचे काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही काय द्यावे? आमचेच भागत नाही. जुन्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. तेव्हाही शेजारणीने शेजारणीला चटणी दिलीच की नाही? देण्याला श्रीमंती लागत नाही. येशूने मंदिरात बघितले. श्रीमंत लोक पेटीत भरपूर पैसे टाकत होते. एका गरीब विधवेने दोन दमड्या टाकल्या. येशू म्हणाला की सगळ्यांत जास्त हिने दिले. कारण इतरांनी उरलेले दिले. तिने जवळ होते ते दिले.

आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो. जमेल ती करा.

पहिली गोष्ट. एक गाडगे ठेवा. रोज भाकरीचे पीठ मळायच्या आधी एक मूठ ज्वारी नाही तर बाजरी त्यात टाका. एक मूठ कमी झाली, तर घरात कुणी उपाशी राहत नाही. पण तीस दिवसांच्या तीस मुठी होतात. पाच घरांचे गाडगे एकत्र केले, तर एका कोपीचे काही दिवस भागतात.

दुसरी गोष्ट. आधी विचारा, मग द्या. कोपीवरच्या बाईला साडी हवी का सरपण हवे? का पिण्याचे पाणी हवे? तुमच्या विहिरीवर तिला पाणी भरू दिले, तर ते दहा साड्यांहून मोठे आहे. फाटके, विटके देऊ नका. जे आपण अंगावर घालणार नाही, ते दुसऱ्याला देणे म्हणजे आपली अडगळ काढणे.

तिसरी गोष्ट. घरी बोलवा. येशूने सांगितले आहे की जेवण कराल, तेव्हा जे उलट बोलावू शकत नाहीत, त्यांना बोलवा. आपण काय करतो? फराळाची ताटे भाऊबंदांकडे पाठवतो. त्यांच्याकडून तसलीच ताटे येतात. करंजी जाते आणि करंजी येते. यंदा एक ताट कोपीवर पाठवा. त्याहून चांगले म्हणजे कोपीवरच्या लेकरांना आपल्या पंगतीला बसवा. वेगळे नको, दाराबाहेर नको. आपल्या ओळीत बसवा.

चौथी गोष्ट. जी मजुरी द्यायची, ती पुरी द्या आणि वेळेवर द्या. वर्षभर मजुराचे पैसे अडवायचे आणि नाताळला, दिवाळीला त्याला ब्लँकेट द्यायचे, हे देवाला फसवणे आहे. त्याचे हक्काचे आधी द्या. दान नंतर.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ती फक्त तुम्हीच करू शकता. तुम्ही आता वाचू लागला आहात. एक-दोन वर्षांपूर्वी तुम्हीही अंगठा लावत होता. पाटी कशी वाचायची म्हणून दुसऱ्याचे तोंड बघत होता. ती अडचण तुमच्याइतकी कुणाला कळणार?

तेव्हा अक्षराचे दान करा. कोपीवर जा. त्यांचे रेशन कार्ड वाचून दाखवा. आता रेशन दुसऱ्या गावच्या दुकानातही मिळते. कार्ड आणि आधार जोडलेले असले, अंगठा जुळला, की इथेच धान्य घेता येते. पुष्कळांना हे ठाऊकच नसते. त्यांचे धान्य गावाकडे पडून राहते आणि इथे ते दुकानातून विकत घेतात. त्यांना दुकानापर्यंत घेऊन जा. लहान लेकरे असली, तर अंगणवाडीच्या ताईंना सांगा. शाळेच्या वयाची असली, तर गुरुजींना सांगा. मुकादमाने उचलीचा कागद दिला असेल, तर त्यावर काय लिहिले आहे, ते वाचून दाखवा. औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, ते सांगा.

आपल्याच गावात एखादी निराधार विधवा असेल. तिला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. तहसील कचेरीत चौकशी करा. अर्ज भरताना तिच्याजवळ बसा. कचेरीत तिच्याबरोबर जा. एकट्या बाईला कचेरीची पायरी चढायला भीती वाटते. सोबत कुणी असले की पाय उचलतो.

याला एक पैसा लागत नाही. आणि ब्लँकेट दोन-चार वर्षांत विरते. हे विरत नाही.

शेवटचे बोलणे

नाताळच्या रात्री उपासना होईल. भजने होतील. टाळ-मृदंग वाजतील. दिवे लागतील. सगळे करा. पण उपासनेहून परत येताना एकदा गावाच्या कडेला बघा. कोपीत एखादी चिमणी मिणमिणत असेल. एखादे बाळ रडत असेल. त्या बाळाचे नाव, जात, गाव विचारायच्या आधी एवढेच आठवा की देवाचे लेकरू अशाच ठिकाणी जन्मले होते. त्या रात्री त्याच्या आईला कुणी तरी एक फडके दिले असते, पाणी तापवून दिले असते, तर तिला केवढा आधार झाला असता!

ती रात्र आता आपल्या हातात नाही. ही रात्र आहे.

आणि देताना आजीचे हुलगे विसरू नका. कोपीवरच्या बाईने तुम्हाला उसाचे एक कांडे दिले, नाही तर बिनदुधाचा चहा पुढे केला, तर नको म्हणू नका. बसा. प्या. तिची चार दुःखे ऐका. आपली दोन सांगा. तिची मान ताठ राहिली, तरच तुमचे देणे देवाला पावले, असे समजा.

एवढे बोलून आम्ही पुरे करतो.  घरी गेल्यावर आज रात्रीच एक रिकामे गाडगे धुऊन पालथे घालून ठेवा. सकाळी भाकरी थापायच्या आधी त्यात पहिली मूठ टाका.

सर्वांना नाताळचा सलाम.